दोन असू दे

नवी पेठेत दुपारी दोनला निम्मी शटरं खाली.
तोळणूरेंचं अर्धं उघडं.
आत कूलर, पाणी कमी, आवाज जास्त.
गुरुसिद्ध तोळणूरे काचेवर एकेक खोकं मांडतात
सोनाराच्या सावकाशीनं.

"ही दोन टीबी. तबकडीची. स्वस्तात आहे,
पण हातातून पडली की संपली, ताई.
ही एसएसडी, एक टीबी. हिच्या आत काहीच फिरत नाही.
किंमत ऐकून डोकं तेवढं फिरतं."
आणि तिसरी, तिच्यात कार्ड थेट खुपसायचं,
लॅपटॉप नको, फोन नको, एक बटण.
एकच नग. खोक्याचा कोपरा उन्हानं पिवळा.
वॉरंटी विचारली
तर ते कूलरकडे बघायला लागले.

बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
इरकल, गुळेदगुड्ड, मग खाली चिराला,
वर येताना सिरिसिल्ला. सव्वीस दिवस,
एसटी, पॅसेंजर, कुणाच्या तरी टमटमचा मागचा फळकूट.
दिवसाला बावीस जीबी,
कारण चालत्या मागाचा धोटा
एका फोटोत सापडत नाही.
चौसष्टची चार कार्डं अकराव्या दिवशी तुडुंब.
पुढं?
पुढं पुसायचं.

मैंदर्गीचं एक लग्न मी असंच पुसलंय,
कॉपी झालं असेल असं धरून.
नवरीचा मामा अजून बाजारात दिसला की विचारतो,
"सापडलं का हो?"
जणू लग्न कुठंतरी खुंटीला राहिलंय.

एसएसडी घेतली. एक टीबी. छातीत धडधड.

घरी, साखर पेठेत,
नायनांनी ती तळहातावर घेतली.
तंबाखूच्या डबीएवढी.
चाळीस वर्षं ते जकार्डची कार्डं ठोकत होते,
पुठ्ठ्याला भोकं, भोकांची ओळ, ओळींची माळ.
चादरीवरच्या एका मोराला अकराशे कार्डं.
एक भोक चुकलं की मोराची मान तुटायची
आणि मालकाचा आवाज चढायचा.
प्रत्येक नक्षीचे संच ते दोन करायचे.
एक मागावर, तेलात, धुरोळ्यात, खडखडत.
एक चुलत्याकडे भिवंडीला, गोणपाटात शिवून.
आगीचं नाव कधी काढलं नाही.
"दोन असू दे," एवढंच.

"यात किती कार्डं मावतात?"
"तुमची सगळी, नायना. जन्मभराची.
वर जागा उरेल."
त्यांनी ती पालथी केली, भोकं शोधली.
एकच होतं, केबलचं.
"म्हंजे," ते म्हणाले,
"एक उंदीर पुरे."

रात्री झोप नाही.
पंखा फिरत होता तबकडीसारखा.

दुसऱ्या दिवशी तोळणूरे कुरकुरले,
सील फोडलंय, पिशवी चुरगळलीय,
मग वर साडेसहाशे घेऊन
पाचशे जीबीच्या दोन दिल्या.
आता हिशेब बसत नाही.
सत्तर-ऐंशी जीबी कमी पडतात,
म्हणजे सिरिसिल्लात हात आखडता घ्यावा लागणार,
धोटा सुटायच्या आधी ओळखावा लागणार.
नायनांना हे सांगितलं
तर त्यांना त्यात काही अडचण दिसली नाही.
"मोर एकच विणतात," म्हणाले.

आज निघायचं.
एक कमरेच्या पाकिटात, अंगाला लागून.
दुसरी बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून,
घरच्याच मागावरचा, काठ थोडा तिरका गेलेला.
रोज रात्री दोन्हींवर उतरवायचं,
दोन्हीकडचे आकडे जुळले की मगच कार्ड पुसायचं,
आणि दोघींनी कधी एका पिशवीत निजायचं नाही.

कार्डांवर नंबर घालायची जुनी लाल शाई
नायनांनी फळीवरून शोधून आणली.
काडीनं ढवळली, थुंकी लावून पातळ केली.
पहिलीवर लिहिलं : १.
दुसरी पुढं ओढली, तिच्यावरही : १.
"चुकलात," मी म्हटलं.
त्यांनी फुंकर मारून शाई वाळवली.

"दोन लिहिलं
की माणूस तिला कमी जपतो."